भोपळ्यातले खाँसाहेब

पुण्याहून गोव्याला मोटारसायकलवर एकटी निघालेल्या बाईला सगळे दोनच गोष्टी विचारतात. एकटीच का, आणि भीती नाही वाटत का. वाटेत ऐकणार काय, हे कुणी विचारत नाही. माझ्या लेखी खरी तयारी तीच. कपडे मी आदल्या रात्री बॅगेत कोंबते, पण गाण्यांची यादी कितीतरी आधीपासून डोक्यात शिजत असते.

आमच्या पुण्यात 'हेल्मेटमध्ये गाणं' एवढं म्हटलं तरी भांडण लागतं. काहींना मुळात हेल्मेटच नको असतं. मोटार वाहन कायद्यातलं १२९वं कलम पुण्याबाहेरच्या डोक्यांसाठी लिहिलंय अशी त्यांची खात्री आहे. ज्यांना हेल्मेट मान्य आहे ते म्हणतात, गाडीवर गाणं कसलं ऐकता, हॉर्न ऐका. या दुसऱ्या मंडळींचं मी निम्मं ऐकते. शहरात आणि घाटात गाणं बंद. बाकी सरळ हायवेवर मात्र अब्दुल करीम खाँसाहेब हवेतच. गटाने फिरणारे लोक हेल्मेटमधूनच एकमेकांशी बोलत जातात, 'समोर खड्डा आहे', 'चहाला थांबू या', 'अरे, बंटी मागे राहिला'. मी सुट्टी घेते ती याच आवाजांपासून.

या खेपेला निघाले ते दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत. हेल्मेट नवं होतं, दुकानदाराने त्यात ४० मिलिमीटर व्यासाचे दोन चपटे स्पीकर चिकटवून दिले होते. कानात घालायचे बड्स मी मोटारसायकलवर नेत नाही. हेल्मेट डोक्यात सरकवताना ते एक तर कानात खोल रेटले जातात, नाहीतर निसटून मानेत पडतात. स्पीकर बरे, पण तेही नुसते असून भागत नाही, जागेवर असावे लागतात. माझ्या कानापाशी आधीच चष्म्याची काडी आणि कुडीची मळसूत्री फिरकी यांची दाटी. तिसरा पाहुणा येऊन टेकला तो थेट कानाच्या पाळीवर. साताऱ्यापर्यंत नुसतं टोचत होतं. कराडला चहा घेताना डावा कान हाताला गरम लागला.

आणि एवढं सोसून ऐकू काय येत होतं? वारा. साठ-पासष्टच्या वर वेग गेला की इंजिनाचा आवाज मागे पडतो आणि हेल्मेटभोवतीचा वाराच सगळं व्यापतो. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत ९५ ते १०० डेसिबल सहज भरतात. अमेरिकेतली नायोश ही संस्था ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करायची मुभा देते, आणि पुढच्या दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. म्हणजे १०० डेसिबलला पाव तास. त्यावर मात करायला गाण्याचा आवाज वाढवत नेणं म्हणजे कानाचा खून दोन्ही बाजूंनी. मी उलट करते. आधी फोमचे बोळे कानात घालायचे आणि मग गाणं लावायचं. ऐकणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटतं, पण बोळ्याने वारा आणि गाणं दोन्ही खाली येतात, कानावरचा मारा थांबतो, आणि गाणं आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ होतं. हॉर्नही उलट नीट कळतो. दुसरा उपाय पुण्याच्या मुलींना फार आधीपासून माहीत आहे, तो म्हणजे स्कार्फ. इंग्लंडमधल्या बाथच्या संशोधकांनी पुतळ्याच्या कानात मायक्रोफोन बसवून, त्याला हेल्मेट घालून वाऱ्याच्या बोगद्यात ठेवलं, तेव्हा आवाजाचा मोठा उगम सापडला तो हनुवटीच्या खाली, हेल्मेट आणि मान यांच्यामधल्या फटीत. ती फट सुती स्कार्फने बुजवली की निम्मं काम होतं. आमच्याकडे तो उन्हासाठी आणि ओळख लपवण्यासाठी वापरतात, एवढाच फरक.

तरीही वारा आपला वाटा घेतोच. तो स्वभावाने खर्जातला, म्हणून आधी डग्गा खातो, मग तंबोरा. विलंबित ख्यालाचं तर तो वाटोळंच करतो. गवई श्वास घेतो तेवढ्या जागेत वारा शिरतो, आणि समेवर आलो की नाही हे आपण अंदाजाने ठरवायचं. हल्लीची धडधडणारी गाणी मला घरीही आवडत नाहीत, हेल्मेटमध्ये तर त्यांची नुसती टिकटिक उरते. टिकतात त्या जुन्या तबकड्या. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकड्यांवर खोल खर्ज मुळात फारसा उतरतच नसे, त्यामुळे वाऱ्याला खायला काही मिळत नाही. मधल्या पट्टीतला माणसाचा गळा तेवढा तिथे असतो, आणि तो शाबूत पोचतो. अब्दुल करीम खाँसाहेबांचा तर मुळातच बारीक, वर चढलेला, सुरेल गळा. त्यांची झिंझोटीतली ठुमरी, जी बालवयात ऐकून भीमसेन जोशींना घरात चैन पडेना, ती ताशी सत्तरच्या वेगात कराडच्या पुढे मला लखलखीत ऐकू येत होती. फक्त एका कानात, आणि ठणक सोसून.

पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळले त्याला कारण तेच. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण घर केलं मिरजेला. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात ते वाटेतच एका छोट्या रेल्वे स्टेशनवर गेले, आणि त्यांना आणून दफन केलं मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात. म्हटलं, ज्यांचं ऐकतोय त्यांना भेटून पुढे जाऊ. दर्ग्यातून बाहेर पडले तर समोर तंतुवाद्यांच्या दुकानांची ओळ.

ही वाद्यं बनवणारे लोक मुळात शिकलगार. तलवारींना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारी गंजायला लागल्या तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, फरीदसाहेब आणि मोइनुद्दीन यांनी हत्यारांवर फिरणारा हात सतारीवर फिरवला. त्यांचे वंशज आजही तेच करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. मी एका कारखान्याच्या उंबऱ्याशी उभी राहून आत टांगलेले भोपळे बघत होते. हेल्मेट हातात, आणि दुसऱ्या हाताने कान चोळणं चालू.

"कान दुखतोय व्हय?" आतून आवाज आला.

सत्तरीतले चाचा मांडीवर तंबोऱ्याची घोडी घेऊन कानशीने जवारी काढत होते. मी सांगितलं. त्यांनी घोडी बाजूला ठेवली, हात पुढे केला. हेल्मेट त्यांनी आधी वजनाला जोखलं, मग बोटाच्या पेराने सगळीकडून ठोकून पाहिलं. वर टांगलेला भोपळा पारखावा तसंच, अगदी मान तिरकी करून.

"ह्याला आस नाही, नाद मागं रेंगाळत नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, आस नसलेलीच बरी, आत डोकं असतं. ते हसले नाहीत. आतलं अस्तर उलटून स्पीकर चाचपले. मग खडू उचलला आणि म्हणाले, "ताई, हा कानाच्या भोकासमोरच्या उंचवट्याला लावा. दोन्हीकडं. आता टोपी घाला. हलू नका. काढा." अस्तरावर दोन पांढरे ठिपके उमटले होते. स्पीकर त्या ठिपक्यांपासून दीड-दोन बोटं मागे आणि खाली होते. "कान इथं, गाणं तिथं," चाचा म्हणाले. "दुकानदारानं स्वतःच्या डोक्यावर माप घेतलं असणार."

मग ते पटाशी घेऊन थर्माकोलच्या थराकडे वळले. स्पीकर आत बसावा म्हणून जरा कोरून देतो म्हणाले. मी जवळजवळ ओरडलेच. तो थर कोरायचा नसतो. डोकं आपटतं तेव्हा तोच चेपतो आणि धक्का गिळतो, एकदा चेपला की हेल्मेट टाकून द्यायचं. चाचांनी पटाशी खाली ठेवली आणि बराच वेळ विचार केला.

"म्हणजे हा भोपळा फुटण्यासाठीच केलाय?"

"हो."

"आणि आम्ही फुटू नये म्हणून जन्म घालवतो." समोरच्या पोराला त्यांनी हाक मारली, "ऐकलं का रे? फुटला तर चांगला, असा भोपळा आलाय."

पुढचा अर्धा तास माझ्या हेल्मेटला मिळाला आणि कुणाच्या तरी तंबोऱ्याची जवारी तशीच राहिली. पेटीच्या पट्ट्यांखाली घालतात त्या फेल्टचे दोन गोल त्यांनी कापले. स्पीकर खडूच्या ठिपक्यावर आणून वेल्क्रोने बसवला, मागे फेल्ट घालून कानाजवळ आणला, मग म्हणाले लागतोय का बघा. लागत होता. फेल्ट काढून पातळ घातला. मग कुडीकडे बोट दाखवलं, "हे काढा." कुड्या काढल्या. चष्मा हेल्मेट घातल्यावर वरून सरळ आत सरकवायचा, काडी स्पीकरच्या वरून जाऊ द्यायची, हेही त्यांनीच ठरवलं. स्पीकर कानाला टेकता कामा नये, पण लांबही जाता कामा नये. लांब गेला की आधी खर्ज पळतो. मी हे वाचलेलं होतं, ते त्यांना न वाचता ठाऊक होतं. घोडी आणि तार यांच्यामधला दोरा केसभर सरकवून जवारी बोलती करणाऱ्या माणसाला दोन मिलिमीटरची किंमत कोण सांगणार?

"ऐकता काय पण?"

"अब्दुल करीम खाँ."

त्यांनी दर्ग्याच्या दिशेने मान वळवली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घातलं. पांढरी दाढी हनुवटीच्या पट्ट्यावरून बाहेर, काच खाली. मी फोनवर झिंझोटी लावली. गल्लीतली दोन पोरं, पलीकडचा तारवाला आणि एक ग्राहक गोळा झाले. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की मोटारसायकलचं काळं हेल्मेट घातलेला एक म्हातारा भोपळ्यांच्या रांगेत मांडी घालून बसलाय आणि मधूनच उजव्या हाताने समेची जागा दाखवतोय. एका पोराने फोटो काढला तर आतून शिवी आली.

तबकडी तीनेक मिनिटांची. संपल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं, कपाळाचा घाम पुसला.

"तंबोरा मागं आहे," ते म्हणाले. "ऐकू येतो."

"इथे येतो. रस्त्यावर साठच्या पुढे जातो."

"मग चाळीसनं चालवा की."

गोव्याला कधी पोचायचं, असं मी विचारलं. "तंबोऱ्याला कुठं घाई असते," म्हणून त्यांनी घोडी पुन्हा मांडीवर घेतली. पैसे काही केल्या घेतले नाहीत, फेल्टचेसुद्धा. पोराने मात्र स्पीकर कितीला मिळतात ते विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी निपाणी, आजरा, आंबोली. कान शेवटपर्यंत दुखला नाही. घाटात गाणं बंद. गोव्यातल्या दिवसांचं काय सांगू, दमट हवेत फेल्टला घामाचा वास लागला, तो धुऊन वाळत घातला, मासे खाल्ले. फोंड्याजवळ केरीला मुद्दाम जाऊन आले, कारण गायिका केसरबाई तिथल्या. खाँसाहेबांच्या शेजारी त्यांच्याच तबकड्या माझ्या यादीत आहेत. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानाबरोबर अंतराळात गेलेल्या संगीतात त्यांची भैरवी आहे. केरीतल्या अरुंद रस्त्यांवर वेग तीसच्या वर जातच नाही, त्यामुळे तिथे केसरबाई आणि त्यांचा तंबोरा दोघंही मिळाले.

परतताना आजऱ्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकले. दोन ट्रॉल्या, रस्ताभर लोंबणारा ऊस, ओव्हरटेकला जागा नाही, वेग वीस. चाचांच्या हिशेबात तंबोऱ्यासाठी याहून चांगला वेग नसेल. पण ट्रॅक्टरच्या टपावर दोन खोकी होती आणि त्यांतून कुठलंसं लग्नातलं गाणं असं दणकत होतं की बोळे, स्कार्फ, फेल्ट, सगळं व्यर्थ. उंच सूर बोळा अडवतो, पण खर्ज छातीतून आत शिरतो. मी खाँसाहेबांना थांबवलं आणि आजरा येईपर्यंत ते गाणं ऐकलं. एकच गाणं, संपलं की पुन्हा तेच.

आजऱ्याला चहाच्या टपरीवर ट्रॅक्टरवालाही उतरला. विशी-बाविशीचा पोरगा. हेल्मेटमधून लोंबणारी वायर त्याने बघितली.

"ताई, ह्यात गाणं वाजतंय व्हय?"

"वाजतं."

त्याने हेल्मेटला कान लावून पाहिला. "बाहेर तर कायच येत न्हाई."

"बाहेर येतच नाही. माझं मलाच."

"मग लावायचं कशाला?" त्याने खरोखर न कळून विचारलं.

त्याचा चहा अजून अर्धा होता. मी माझा घाईघाईने संपवला, पैसे दिले आणि त्याच्या आधी निघाले, कारण तो पुढे गेला असता तर गडहिंग्लजपर्यंत पुन्हा त्याचंच गाणं ऐकावं लागलं असतं.