चंदगडचा मुक्काम

आषाढातल्या या संततधारेत चंदगडला मुक्काम पडला आहे. बाजारपेठ भरदुपारीच पेंगुळलेली, रवळनाथाच्या देवळात तुरळक वर्दळ, आणि भोवतालच्या खाचरांत मात्र चिखलात वाकून भाताची रोपे लावणाऱ्या बायांची अशी लगबग, की गावाचे सारे चैतन्य शिवारातच वस्तीला गेले असावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा तालुका बेळगाव जिल्ह्यातून काढून कोल्हापुरास जोडला गेला. परंतु सरकारी दफ्तरातली सरहद्द हलली म्हणून शेतकऱ्याच्या पायाखालची वाट थोडीच हलते! येथील रताळी आजही बेळगावच्या पेठेत जातात. मला गंमत वाटते ती निराळीच: जो कंद कोलंबसाला वेस्ट इंडीजच्या बेटांवर भेटला, आणि जो काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला, त्या दोन परदेशी पाहुण्यांवर सह्याद्रीच्या या डोंगरउतारांचा प्रपंच बऱ्याच अंशी चालावा, आणि त्यांपैकी रताळ्याला तर आपल्या एकादशीनेही, गोत्र न विचारता, उपवासाच्या ताटात निःशंकपणे स्थान द्यावे! उद्या पावसाने उघडीप दिली तर पारगडाकडे जाण्याचा मानस आहे. यजमानांच्या मते ती तो देणार नाही.