तुरळक ठिकाणी

हवामानाचा अंदाज वाचून दाखवण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे आले, ते मी अकरावीत असताना. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान-सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी मोबाईलवर येतो. अण्णांना बारीक अक्षर दिसत नाही. जेवणे उरकली की ते ओसरीवर पान जुळवत बसतात आणि विचारतात, "काय म्हणतंय रं आभाळ?" मध्ये परभणी नाही, पुणे नाही, त्यांच्या लेखी तो निरोप थेट वरूनच येतो!

आईचा भरवसा वेगळ्या खात्यावर. नक्षत्र बदलले की ती पंचांगात वाहन पाहते. बेडूक किंवा म्हैस निघाली की खूश, गाढव निघाले की गप्प. मी पडलो कॉलेजात जाणारा शहाणा. तिला हसत असे.

2023 च्या जूनमध्ये मोसमी पाऊस 11 तारखेला कोकणात उतरला. त्याच सुमारास अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ फिरत होते. पाऊस तिथेच अडखळला. आमच्या कळंबकडे मृग कोरडा गेला. महिना संपता संपता दोन सरी आल्या, ओल जेमतेम चार बोटे. पेरावे की थांबावे, अण्णांचे मन मागेपुढे होत होते. त्या रात्री मी अंदाज उघडला. तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता होती. दारात मित्र उभे होते, मला घाई होती. म्हणालो, "पाऊस सांगितलाय, अण्णा."

सकाळी सोयाबीन पेरले.

पुढे रोज दुपारी आभाळ भरून यायचे आणि संध्याकाळी रिकामे व्हायचे. आमच्या रानापलीकडे मांजरा, आणि मांजरेपलीकडे बीड जिल्हा. एका दुपारी त्या काठच्या शिवारावर पाऊस कोसळताना आम्ही बापलेकांनी बांधावर उभे राहून पाहिला. गार वारा आला, मातीचा वास आला. थेंब आला नाही. काही बी मातीतच गेले, उगवले त्याने माना टाकल्या. दुबार पेरणीसाठी बियाण्याच्या पिशव्या उधारीवर आणाव्या लागल्या. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या मंगळवारी मात्र त्यांनी आभाळाची चौकशी केली नाही.

त्यानंतर भूगोलाच्या तासाला ढगांचा धडा निघाला, तेव्हा मी पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसलो. उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते आणि पसरता पसरता थंड होते. कोरडी असेल तर किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी. पुरेशी थंड झाली की तिच्यातली वाफ धुळीच्या, मिठाच्या कणांना धरून थेंबुकले होते. असे थेंबुकले साधारण 0.02 मिलिमीटरचे. दोन मिलिमीटरचा एक पावसाचा थेंब व्हायला दहा लाख थेंबुकले एकत्र यावे लागतात. ते जुळले नाहीत तर ढग आला तसा विरून जातो. शिवाय हवा काही सगळीकडे सारखी वर चढत नाही. जिथे चढते तिथे ढग, शेजारी लख्ख ऊन. बैलाचे एक शिंग ओले नि एक कोरडे, असे आमच्याकडे म्हणतात ते काही उगीच नाही.

मग मी तो अंदाज नीट वाचायला शिकलो. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे फार तर पाव हिस्सा केंद्रांवर पाऊस. हलका म्हणजे दिवसाला 2.5 ते 15.5 मिलिमीटर. आणि पेरणी करावी ती 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, हे कृषी विद्यापीठ दरसाल सांगत असते. अंदाजात काहीच चुकीचे नव्हते. दोन शब्द मी गाळले होते.

हे अण्णांना सांगायला मला वर्ष लागले. 2024 च्या जूनमध्ये एका रात्री त्यांनी पान जुळवता जुळवता, माझ्याकडे न बघता, पुन्हा विचारले. मी अक्षर न् अक्षर वाचले, 'तुरळक'चा अर्थ सांगितला आणि गेल्या साली मी काय गाळले होते तेही सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी चार गावांत एक गाव. आन् ते आपलंच, आसं कुठं लिवलंय?"

मी आईचा सरळ उभ्या अंगाचा डबा मागून घेतला आणि अंगणात, पागोळी पडणार नाही अशा जागी, विटांत बसवून ठेवला. "लाडू कशात ठेवू?" म्हणून तिने कुरकुर केली. रात्री सर आली. उजाडल्यावर मी डब्यात पट्टी बुडवली. अण्णा तिफणीजवळ उभे होते.

"किती रं?"

"अकरा मिलिमीटर."

त्यांनी तिफण उचलली आणि परत गोठ्यात नेऊन ठेवली.