चुलीवरचे जेवण आणि आपला तांदूळ

रविवारी अकराच्या सुमारास वडगाव मावळच्या फाट्यावर उभे राहून पाहा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने गाड्यांची रांग लोणावळ्याकडे सरकत असते. कार्ल्याची लेणी, लोहगड, पावसाळ्यात धबधबे ही झाली निमित्ते. पुष्कळांचा जीव असतो तो जेवणात. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, तेव्हा या रस्त्यावरच्या हॉटेलांचे आता कठीण आहे असे आम्ही चहा पिताना बोलत होतो. आज पाहावे तिकडे ‘चुलीवरचे मटण’, ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या!

माझा भाचा चिंचवडला कारखान्यात आहे. “मामा, तुमच्याच मावळात तुम्हाला जेवायला नेतो,” म्हणाला. आम्ही सहा जण होतो. हॉटेलवाल्याने एकच भली मोठी परात मध्ये आणून ठेवली. मधोमध भाताचा ढीग, भोवती रश्श्याच्या वाट्या, सुके मटण, पिठले, ठेचा, कांदा. भाकऱ्या येत राहिल्या. भाच्याच्या पोरांना याचे केवढे अप्रूप! मला मात्र आवणीचे दिवस आठवले. सावडीला आलेली माणसे बांधावर बसत, ताटे पुरत नसत, म्हणून दोघेतिघे एकात जेवत. तेव्हा त्याचे फोटो कोणी काढले नाहीत.

या मोठ्या ताटांचे वेड किती जावे? जानेवारी २०२१ मध्ये वडगावच्याच एका हॉटेलाने पैज लावली होती. अडीच हजार रुपयांची, चारेक किलोची मटण-मासळीची थाळी एकट्याने तासाभरात संपवायची आणि बुलेट मोटारसायकल घेऊन जायची. सोलापूरकडच्या एका गड्याने ती जिंकलीही. मला हा प्रकार रुचला नाही. पण त्या दिवसांत गर्दी उसळली होती, हे खरे.

जेवण झाल्यावर सवयीप्रमाणे मी मागच्या बाजूला गेलो. पत्र्याखाली तीन चुली. एकीवर रस्सा, तिच्या वैलावर भात, उरलेल्या दोन्हींवर तवे. बाभळीची वाळकी लाकडे होती, तरी धूर कोंडलेलाच. काठवटीत पीठ मळणाऱ्या बाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “साहेब, ओळखलं का? आमच्या घरी गोबरगॅस बसवायला तुम्हीच आला होता.”

ओळखले. बाईंच्या घरी आता सिलिंडरही आहे. घरची फुंकणी सुटली आणि रोजगारासाठी इथे पुन्हा आरापुढे बसल्या. मी मालकाला म्हटले, “पत्र्याला धुराडे काढा, तीन चुलींचा धूर या दोघींच्या छातीत जातो.” काढतो म्हणाला. लाकूड कोठून आणता, हेही विचारले. राबासाठी आपल्याकडे आधीच फांद्या छाटल्या जातात, त्यात या चुलींची भर नको.

मग बाईंना विचारले, “ताई, परातीतला भात तुमच्याकडचा का?”

“नाही हो साहेब. तो दुकानातला.”

मंडळी, इंद्रायणी हा वाण वडगावच्याच भात संशोधन केंद्राचा. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून निघाला, १९८७ मध्ये प्रसारित झाला. हॉटेलच्या पाटीवर ‘इंद्रायणी भात’ असे लिहिलेले, रांधणाऱ्या बाईच्या शेतात इंद्रायणी उभी, आणि तांदूळ बाहेरचा! बाईंचे भात झोडणी होताच व्यापाऱ्याच्या काट्यावर जात होते.

मी दोघांना समोरासमोर बसवले. मालकाचे म्हणणे सरळ होते: वर्षभर एकसारखा माल द्या, मी घेतो. गेल्या हंगामात बाईंनी निम्मे भात विकले नाही. कणगीत ठेवले आणि लागेल तसे भरडून आणायचे ठरले. शंभर किलो भाताचा साधारण साठ-पासष्ट किलो तांदूळ पडतो, कणी आणि कोंडा घरी राहतो; कोंडा म्हशीला चालतो. गिरणीचे पैसे आणि हमाली वजा घातली तरी बाईंच्या हाती व्यापाऱ्याच्या भावापेक्षा जास्त उरले. हिशेब त्यांच्या मुलीने वहीत मांडला होता, मी तो तपासला.

पहिली दोन पोती मालकाने मुकाट्याने घेतली. तिसरे परत केले: कणी फार. दोष गिरणीचा नव्हता. ते भात कडक उन्हात पातळ पसरून एका दिवसात वाळवले होते. असे केले की दाण्याला आतून चिरा पडतात आणि भरडताना तो तुटतो. थर जरा जाड ठेवावा, वरचेवर हलवावा, भर दुपारी सावलीत ओढावा. दाणा दाताखाली कटकन तुटला की वाळवणे थांबवावे.

परत आलेले पोते बाईंनी इडलीच्या पिठासाठी लोणावळ्यात विकले. पत्र्याला धुराडे मात्र अजून निघालेले नाही. येत्या गुरुवारी माझी तिकडे फेरी आहे, तेव्हा मालकाला पुन्हा विचारणार आहे.