सारखा, जसा, जणू

मराठीच्या प्रश्नपत्रिकेतील ‘अलंकार ओळखा’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. निवृत्तीनंतर कर्वेनगरातील आमच्या घरी आसपासच्या काही मुली मराठी शिकायला येतात. येताना त्या मार्गदर्शकातून पाठ केलेले एक सूत्र घेऊनच येतात: सारखा, जसा, सम दिसले की उपमा, जणू, गमे, भासे दिसले की उत्प्रेक्षा, आणि यांपैकी काहीच नसेल तर रूपक. या सूत्राची मी थट्टा करीत नाही. परीक्षेच्या मांडवात ते उपयोगी पडते. परंतु ‘धाकटा थोरल्यासारखा दिसतो’ या वाक्यात ‘सारखा’ असूनही अलंकार नाही, हे त्या सूत्राला कळत नाही. दोन भाऊ एकमेकांसारखे दिसण्यात चमत्कृती ती कसली?

म्हणून मी एकच उदाहरण घेऊन सारी पायरी चढवते. आईचा हात सायीसारखा मऊ आहे, ही उपमा. आईचा हात म्हणजे जणू सायच, ही उत्प्रेक्षा. हा हात म्हणजे साय, हे रूपक. ‘जणू’चा आडपडदा गेला. हा हात नव्हेच, ही साय, ही अपन्हुती. सायीहूनही मऊ, हा व्यतिरेक. आणि आईचा हात आईच्या हातासारखाच, हा अनन्वय. तेथे उपमानांचे भांडारच रिते झाले. शास्त्रकारांनी यांची वर्गवारी केली असली, तरी मला त्यांत मायेचा चढता सूर ऐकू येतो.

एकदा ही पायरी चढवीत असता मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, “बाई, माझ्या आईचा हात असा नाही.” तिची आई चार घरी स्वयंपाक आणि भांडी करते. मी म्हटले, “मग कसा आहे ते तू लिही.” तिने लिहिले: माझ्या आईचा हात किसणीसारखा खरखरीत आहे. बाकीच्या मुली हसल्या. मी फळ्यावर ते वाक्य लिहून काढले. उपमेय हात, उपमान किसणी, साधारण धर्म खरखरीतपणा, साम्यवाचक शब्द ‘सारखा’. चारही अंगे जागच्या जागी. पूर्णोपमा म्हणतात ती हीच. मग मी विचारले, “यातून कळते काय?” हसणाऱ्यांपैकीच एकीने उत्तर दिले, “ती खूप काम करते.” वाक्यात ‘काम’ हा शब्द कुठेही नव्हता. व्यंजना शिकवायला मला त्या दिवशी निराळी व्याख्या द्यावी लागली नाही. साय ही कवींची. किसणी मात्र त्या मुलीच्या स्वतःच्या घरातली होती.

लक्षणेसाठी संस्कृत ग्रंथांत गंगेवर वसलेल्या गवळीवाड्याचे उदाहरण येते. प्रवाहावर वस्ती होऊ शकत नाही, म्हणून ‘गंगेवर’ याचा अर्थ तीरावर असा घ्यायचा. आम्हाला गंगेपर्यंत जायचे कारण नाही. मुठेच्या काठची माणसे ‘आमचे घर नदीवर आहे’ असे सहज म्हणतात, तीही लक्षणाच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठी ही लक्षणा काही तासांपुरती अभिधा झाली, एवढे मी त्यांना सांगते.

आपल्या समाजातील मुलींपाशी मी फादर थॉमस स्टीफन्स यांचा विषय मुद्दाम काढते. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली साष्टीतील राशोल येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात त्यांनी मराठीची जी थोरवी गाइली, ती मालोपमेचा सुंदर नमुना आहे. उपमेय एकच, मराठी भाषा. तिच्यासाठी दगडगोट्यांतले रत्न, फुलांतला मोगरा, सुगंधांतली कस्तुरी, पाखरांतला मोर अशी उपमानांची माळ. नुसता अलंकार ओळखून पुढे गेले, की यातले मर्म निसटते. इंग्लंडात वाढलेल्या माणसाने स्वदेशीचे फूल वा पाखरू न आणता मोगरा आणि मोर घेतले. भाषा शिकणे निराळे आणि तिच्या अंगणातून उपमाने वेचण्याइतके तिच्यात राहणे निराळे. त्यांचा अर्थ मला त्यांच्या उपमेयापेक्षा उपमानांत अधिक सापडतो.

राहता राहिला दृष्टांत. “येशूचे दाखले म्हणजे दृष्टांत अलंकार का?” असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच. माझ्या मते, नाही. दृष्टांत अलंकारात आधी एक विधान असते आणि ते पटवण्यासाठी तसाच दुसरा दाखला शेजारी मांडलेला असतो. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त केसोबासांनी तर चक्रधरस्वामींचे सूत्र, त्यावरील दृष्टांत आणि त्याचा उलगडा करणारे दार्ष्टांतिक अशी तिन्ही अंगे दिली. पेरणाऱ्याच्या दाखल्याचे दार्ष्टांतिक प्रभूने शिष्यांना स्वतः सांगितले: बी म्हणजे काय, काटे म्हणजे काय. उधळ्या पुत्राच्या दाखल्याला मात्र असा उलगडा जोडलेला नाही. तेथे उपमेय गाळलेले आहे. ते ज्याचे त्याने भरायचे. बाप अंगणात उभा राहून थोरल्या मुलाची समजूत घालतो आहे, आत वाद्ये वाजत आहेत, आणि गोष्ट तेथेच थांबते. “मग तो आत गेला का?” असे मुली विचारतात. लूकने ते लिहिलेले नाही.