कुंपणच शेत खाऊ लागतं तेव्हा

विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात नांदेडबरोबर हिंगोली, परभणी आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही पेशंट येतात. ल्युपस झालेल्या मुली त्यात बहुतेक वेळा उशिरानेच आमच्यापर्यंत पोहोचतात. गालावर लाली आली की घरचे ‘वांग’ म्हणतात आणि मेडिकलवरून मलम आणतात. बोटांचे सांधे सुजले तर तो ‘वात’. थकवा आला तर ‘रक्त कमी’. सोयाबीनच्या खुरपणीनंतर चेहरा पेटला तर ‘ऊन लागलं’. प्रत्येक उत्तर पटण्यासारखं असतं, म्हणून ही सगळी लक्षणं एकत्र जोडायची राहून जातात. ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ बायका असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणी ऐन तारुण्यातल्या.

कुंपणानेच शेत खाल्लं, अशी आपल्याकडे म्हण आहे. ल्युपसमध्ये नेमकं तेच होतं. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचा कचरा निमूटपणे उचलला जातो. ल्युपसमध्ये तो रेंगाळतो. पेशीच्या आतला डीएनए उघड्यावर येतो आणि प्रतिकारशक्तीला वाटतं, विषाणूच शिरला. मग इंटरफेरॉन नावाची धोक्याची घंटा वाजू लागते आणि थांबतच नाही. बी पेशी स्वतःच्याच डीएनएविरुद्ध अँटीबॉडी तयार करतात. या अँटीबॉडींचे पुंजके त्वचेत, सांध्यांत आणि मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात आणि तिथे दाह सुरू होतो. उन्हामुळे त्वचेच्या पेशी जास्त मरतात, म्हणून ऊन लागलं की आजार उसळतो.

सांधा दुखतो, तसं मूत्रपिंड दुखत नाही. ते गुपचूप खराब होतं. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली हे आधी तपासणीतच कळतं, पायावर सूज नंतर येते.

अलीकडे पेशंट मोबाइल पुढे करून विचारतात, ‘सर, जर्मनीत हा आजार एकाच वेळच्या उपचाराने बरा होतो म्हणे?’ बातमी खोटी नाही. एर्लांगेनच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये एका तरुणीच्या स्वतःच्या टी पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत दिल्या. त्या पेशींनी तिच्या बी पेशींचा फडशा पाडला. पुढे नव्या बी पेशी आल्या, पण त्यांच्यात जुनं वैर नव्हतं. २०२४ मध्ये त्यांनी ल्युपसच्या आठ रुग्णांचा अनुभव मांडला. आठही जणांचा आजार शांत झाला आणि ल्युपसची औषधं थांबवता आली. याला कार-टी उपचार म्हणतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ या भारतीय कार-टीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी. बी पेशींचं खाद्य तोडणारं बेलिमुमॅब आणि इंटरफेरॉनची घंटा बंद करणारं अॅनिफ्रोलुमॅब ही औषधंही आली आहेत. आशा आहे, आणि ती खरी आहे. पण आठ रुग्णांवरून सगळ्यांचं ठरवता येत नाही. या उपचारात जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि खर्च लाखांत जातो.

तोवर मूत्रपिंड वाचवायचं आहे. त्यासाठी मूळची मलेरियाची, स्वस्तातली हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी हा पाया आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात, ही गोळी बंद केलेल्यांत आजार उसळण्याचा धोका अडीच पट आढळला. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी केली, की ती वर्षानुवर्षं घेता येते.

तरीही गोळ्या बंद होतात, आणि बऱ्याचदा लग्न ठरलं की. सासरी कळू नये म्हणून डबा माहेरी राहतो. सहा महिन्यांत पाय सुजतात. आईवडिलांची भीती मला समजते. पण लपवलेला आजार लपून राहत नाही. ल्युपस असलेल्या बाईला मूल होऊ शकतं. फक्त आधी निदान सहा महिने आजार शांत हवा. मायकोफेनोलेटसारखी औषधं आम्ही आधीच बदलतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवतो.

म्हणून लग्नाआधी मुलाकडच्यांना सांगा. आणि तपासणीला येताना लघवीचा रिपोर्ट आणा, जमलं तर नवऱ्याला किंवा सासूबाईंनाही सोबत आणा. त्यांच्या शंकांना उत्तरं द्यायला मी बसलोय.