मागची बैठक

काही वर्षांपूर्वी पुण्यास गेलो असता एका सकाळी आम्ही हडपसरच्या ग्लायडिंगच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे होतो. ग्लायडर म्हणजे बिनएंजिनाचे विमान. त्यात दोन माणसे एकामागे एक बसली होती. लांब दोराने ओढले जाऊन ते वर गेले, दोर सुटला, मैदानाभोवती शांतपणे एक वळसा घेऊन ते खाली उतरले. असे दोन-तीन वेळा झाले. मग मागच्या बैठकीवरील गृहस्थ खाली उतरले. त्यांनी आपल्या रिकाम्या बैठकीचे पट्टे नीट आवळून बांधले, पुढच्या तरुणास दोन शब्द सांगितले आणि ते बाजूस झाले. विमान पुन्हा वर गेले; या खेपेस तरुण एकटाच होता. ते जमिनीस टेकेपर्यंत त्या गृहस्थांनी आपली दृष्टी आकाशातून काढली नाही, आणि आम्ही आमची त्यांच्यावरून काढली नाही. वीस वर्षे हातात खडू धरलेल्या माणसास त्या मुद्रेचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको.

घरी परतल्यावरही ती रिकामी बैठक मनातून जाईना. आम्ही मिळतील ती पुस्तके चाळू लागलो, आणि त्यांत एक नाव वारंवार भेटू लागले: रुडॉल्फ कायझर. हा जर्मन गृहस्थ १९२२ साली जन्मला आणि १९९१ साली वारला. कायझर या शब्दाचा अर्थ सम्राट असा आहे. आडनाव सम्राटाचे, पण त्याचे बहुतेक आयुष्य गेले ते शिकाऊ मुलांची विमाने रेखाटण्यात.

त्याच्या कामाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानविद्येवर कडक निर्बंध घातले. तेव्हा तेथील तरुण एंजिनावाचून उडण्याच्या मागे लागले. ऱ्योन नावाच्या डोंगराळ प्रदेशात वासरकुप्पे हा सुमारे ९५० मीटर उंचीचा डोंगर आहे. तेथे १९२० साली त्यांनी ग्लायडरांच्या स्पर्धा सुरू केल्या. ग्लायडर सदा खालीच घसरत असते. पण त्याची घसरण इतकी मंद असते की आसपासची हवा त्याहून वेगाने वर चढत असेल, तर तेही तिच्याबरोबर वर जाते. घार पंख न हलविता गिरक्या घेत वर चढते, त्यातील मर्म हेच.

त्या काळी शिकविण्याची रीत मात्र कठोर होती. विमान म्हणजे लाकडाचा उघडा सांगाडा व त्याच्या पुढच्या टोकास एक लहानशी बैठक. विद्यार्थ्यास तीवर एकट्यास बसवीत. सोबती रबराचा दोर ताणून धरीत व तो सोडताच विमान गोफणीतील दगडासारखे पुढे फेकले जाई. गुरुजी जमिनीवर. सांगावयाचे ते आधी सांगितलेले. पुढे जी चूक होईल ती विद्यार्थ्याची, व तिचा फटकाही त्याचाच. या रीतीने पुष्कळ मुले उडावयास शिकली हे खरे. पण विमानेही पुष्कळ मोडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांस ग्लायडर उडविण्याचीही बंदी झाली. ती १९५१ साली उठली, आणि यापुढे एकाऐवजी दोन बैठकांच्या विमानात गुरूसह शिकण्याची रीत रूढ झाली. वासरकुप्पेच्या पायथ्याजवळ पॉपेनहाउझेन या गावी अलेक्झांडर श्लायखर यांचा जुना कारखाना होता. कायझरचे बहुतेक काम तेथेच झाले. लाकूड, प्लायवूड, कापड आणि पोलादी नळ्या हे त्याचे आरंभीचे साहित्य. त्याने केलेल्या दोन बैठकांच्या एका स्वस्त व मजबूत विमानास ऱ्योनचा चंडोल अशा अर्थाचे नाव मिळाले. पण ते फार लवकर खाली येई, म्हणून मुलांनी त्याचे नाव ऱ्योनचा धोंडा असे पाडले. मुले सर्व देशांत सारखीच! तथापि, या धोंड्यानेच कित्येकांस आकाश दाखविले.

कायझरला स्पर्धेची विमाने करता येत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १९५५ साली प्रथम उडालेले त्याचे केए ६ हे लाकडी विमान इतके उत्तम निघाले की हाइन्झ हूथ या वैमानिकाने १९६० व १९६३ अशा लागोपाठ दोन जागतिक स्पर्धांत स्टँडर्ड वर्गाचे अजिंक्यपद त्याच विमानातून मिळविले. असे यश पाहिल्यावर दुसरा कोणी केवळ विजेत्यांसाठीच विमाने करीत बसला असता. कायझरने त्याच केए ६ वरून बांधावयास अधिक सोपे व हाताळावयास सौम्य असे के ८ केले. गुरूचा हात नुकताच सुटलेल्या विद्यार्थ्याने एकट्याने उडवावे असे ते विमान. निवांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून सोडले असता ते सुमारे २७ किलोमीटर दूर जाते. अशी विमाने हजारावर बांधली गेली.

आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावले ते त्याच्या एएसके १३ या विमानाने. हे १९६६ साली प्रथम उडाले. यात विद्यार्थी पुढे व गुरू मागे. आता अशी अडचण पहा. आज विमानात दोघे आहेत. उद्या विद्यार्थी एकटा जाईल. एका माणसाचे ओझे एकाएकी कमी झाले म्हणजे विमानाचा तोल ढळावयाचा, आणि तोही नेमका विद्यार्थ्याच्या पहिल्या एकाकी उड्डाणात. यावर तोड अशी की, गुरूची बैठक विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ ठेवावयाची. तराजूच्या काट्याखाली वजन ठेवले काय आणि उचलले काय, पारडी जागची हालत नाहीत, तसेच हे. पण त्या ठिकाणी पंखही येतात, व मागे बसलेल्यास बाजूचे व खालचे काही दिसेनासे होते. म्हणून पंख मुळाशी गुरूच्या मागे जोडून त्यांची टोके किंचित पुढे झुकविली. तोलही राहिला आणि गुरूची दृष्टीही मोकळी राहिली. गुरूने सर्व पाहावे, वेळ पडल्यास दांडी हाती घ्यावी. आणि तो उतरून गेला तरी शिष्याचा तोल जाऊ नये! हे वाचले त्या रात्री आम्हांस बराच वेळ झोप आली नाही.

कारण आम्हांस एक मुलगा आठवला. आम्ही तेव्हा नवे शिक्षक होतो. भूमितीच्या तासास तो आपण होऊन फळ्याजवळ आला, आणि प्रमेय मांडताना त्याने जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरले. आम्ही हसलो, एक टोमणाही मारला. अर्थात सारा वर्ग हसला. पुढे वर्षभर तो कधी फळ्याकडे आला नाही. काही वर्षांनी दाखल्यासाठी तो शाळेत आला असता आम्ही सहज विचारले, "गणित पुढे चालू ठेवलेस ना?" तो नम्रपणे म्हणाला, "नाही सर. फळ्याजवळ जायची भीती बसली होती." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच आम्हांस अधिक लागले. आम्ही त्यास उघड्या सांगाड्यावर बसवून दोर सोडला होता, आणि तो आपटल्यावर वर जमिनीवरून हसलो होतो.

तर मग चूक दाखवूच नये काय? याचेही उत्तर कायझरच्याच एका विमानात सापडते. पुढे लाकडाची जागा काचतंतूंनी घेतली, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याचे एएसके २१ हे दोन बैठकांचे विमान आले. ते इतके क्षमाशील निघाले की वैमानिकाच्या चुकीमुळे सहसा गिरकीत जातच नाही. वेग फार कमी झाला की पंखांचा आधार सुटतो, आणि एक पंख आधी खचला तर विमान भोवऱ्यासारखे फिरत खाली येऊ लागते. तीच ही गिरकी. आता गिरकीत सापडले असता बाहेर कसे यावे हे तर प्रत्येक वैमानिकास आलेच पाहिजे. जे विमान गिरकी घेतच नाही, त्यात ते शिकवावे कसे? म्हणून या विमानाच्या शेपटाकडे मुद्दाम लहान वजने बसविण्याची सोय केली आहे. ती बसविली म्हणजे ते गिरकी घेते. मग पुरेशा उंचीवर, गुरू मागे असताना, विद्यार्थ्याकडून ती चूक करवितात आणि ती सुधारवूनही घेतात.

चूक झाकावयाची नाही, आणि तिच्यासाठी मुलास मोडावयाचेही नाही. ती उंचीवर होऊ द्यावयाची, सावरण्यास अवकाश असेल अशा ठिकाणी. पालकहो, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी विमान जमिनीलगत आलेले असते. तेव्हा ओरडून काय उपयोग? वर्षाच्या आरंभी, चाचणीत, घरच्या अभ्यासात ज्या चुका होतात त्या पुष्कळ उंचीवरच्या असतात. तेव्हा शेजारी बसावे, पाहावे, आणि सावरू द्यावे.

कायझरने एंजिन बसविलेली ग्लायडरे व दोघांनी शेजारी-शेजारी बसावयाचे एएसके १६ हे लहान विमानही केले. या नावांतील पहिली दोन अक्षरे कारखान्याच्या मालकाची, आणि के हे एकच अक्षर त्याचे. त्याचे एएसके २१ आजही अनेक देशांत नवख्यांना घेऊन वर जाते, आणि त्यांतील फार थोड्यांस तो के कोणाचा हे ठाऊक असेल.

आम्ही अलीकडे एक लहानसा बदल केला आहे. कोणी विद्यार्थी फळ्यावर प्रमेय मांडू लागला की आम्ही मेजाजवळ उभे राहत नाही. वर्गातील शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. तेथून फळा स्पष्ट दिसतो. मुलगा अडला की प्रथम मागे वळून आमच्याकडे पाहतो. आम्ही मान हलवितो. तो पुन्हा फळ्याकडे वळतो. परवा एक मुलगी चुकली, थांबली, आपण होऊन तीन ओळी पुसल्या आणि प्रमेय शेवटास नेले. या सर्व वेळात तिने मागे एकदाही पाहिले नाही. आम्ही मात्र ती जागेवर जाऊन बसेपर्यंत दृष्टी फळ्यावरून काढली नव्हती.