सुसरबाईची पाठ

नाशिकचा माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे रामकुंडापर्यंत. घडियालाचं, म्हणजे आपल्या सुसरीचं, शास्त्रीय नाव गेव्हिॲलिस गँजेटिकस, म्हणजे तोही गंगेचाच. पण त्याचा जुना मुलूख सिंधूपासून ब्रह्मपुत्रेपर्यंत आणि खाली महानदीपर्यंत. आमच्या गंगेच्या वाट्याला मगर आली. त्यामुळे वर्गात वर्षानुवर्षं घडियालाचं चित्र दाखवणाऱ्या माझ्यासारख्या प्राणिशास्त्राच्या मास्तरला तो बघायला नाशिकरोडहून पंजाब मेल पकडावी लागते.

चंबळला शहाणी माणसं थंडीत जातात. तेव्हा घडियाल वाळूवर ऊन खात पडलेले असतात, पाणचिरे दिसतात, फोटो छान येतात. मी गेलो जूनच्या पहिल्या आठवड्यात. सकाळी सातलाच होडीच्या फळीवर हात टेकवेना. पण मला पिल्लं बघायची होती आणि पिल्लं पावसाच्या तोंडावरच निघतात.

मादी मार्चअखेरीस-एप्रिलमध्ये नदीकाठच्या उंच वाळूत खड्डा करून तीस-चाळीस अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या वाळूच्या उबेवर ठरतं. दोनेक महिन्यांनी अंड्यांतूनच पिल्लं आवाज देऊ लागतात आणि तो ऐकून आई वाळू उकरते. मगर आपली पिल्लं जबड्यात धरून पाण्यात नेते. घडियालाला ते जमत नाही. चिमट्यासारखा तो निमुळता जबडा मासे पकडायला घडलाय, पिल्लं उचलायला नाही. मग पिल्लं पाठीवर चढतात. धृतिमान मुखर्जी यांनी चंबळमध्येच टिपलेला, पिल्लांनी लगडलेल्या नराचा फोटो जगभर गाजला होता. मी पाहिला तो नरही तसाच, नाकाच्या टोकाला मडक्यासारखा घडा आणि मानेपासून शेपटीपर्यंत पिल्लंच पिल्लं. सत्तरपर्यंत मोजली, तेवढ्यात तो हलला आणि हिशेब चुकला. अडचणीतला माणूस लाचारीनं ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ म्हणतो, असं आपण समजतो. त्या सकाळी ते एवढं खोटं वाटलं नाही.

या प्राण्याची खरी अडचण त्याच्या पायांत आहे. मगर पोट उचलून चालते. डोह आटला तर रातोरात दुसऱ्या डोहाकडे, प्रसंगी शेततळ्याकडे जाते. म्हणून सांगलीच्या कृष्णेत, बंधाऱ्यांच्या साचलेल्या पाण्यातही ती टिकून आहे. वाढलेल्या घडियालाला पोट उचलताच येत नाही. तो वाळूवरून स्वतःला ढकलत नेतो, तेवढंच. त्याला वाहती नदी हवी, खोल डोह हवा आणि डोहाला लागूनच वाळू हवी. यातलं एक गेलं की सगळं गेलं.

आणि ते गेलंच होतं. १९७० च्या दशकात भारतात दोनशेही घडियाल उरले नव्हते. १९७५ मध्ये मगर प्रकल्प सुरू झाला. १९७८-७९ मध्ये तीन राज्यांत पसरलेलं राष्ट्रीय चंबळ अभयारण्य झालं. मुरैनाजवळ देवरीला अंडी उबवून, पिल्लं वाढवून नदीत सोडू लागले. आज एकट्या चंबळमध्ये दोन हजारांच्या वर घडियाल आहेत. मधे २००७-०८ च्या हिवाळ्यात शंभराहून अधिक मेले. शवविच्छेदनात मूत्रपिंडं निकामी झालेली आढळली आणि संशय पाण्यातल्या विषावर गेला.

इथे मला माझंच एक आवडतं वाक्य गिळावं लागलं. निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमावर शंभरेक वर्षांपूर्वी नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला. गाळ साचला, गाळात पाणवनस्पती माजल्या, पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. ‘बंधाराही कधी रान जगवतो,’ हे मी कित्येक व्याख्यानांत टाळ्या घेत सांगितलंय. बदकांपुरतं ते खरंच आहे. चंबळवर मात्र कोट्याचा बराज पाणी अडवतो तेव्हा उन्हाळ्यात डोहांमधली वाट तुटते, आणि अवेळी सोडतो तेव्हा घरटी बुडतात. उरलेली वाळू ट्रॅक्टर नेतात. पलीकडच्या काठावर चाकांचे ताजे माग होते. होडीवाल्यानं मान दुसरीकडे वळवली, मीही विचारलं नाही.

परतताना त्यानंच विचारलं, “साहेब, तुमच्याकडेही गंगा आहे म्हणता, मग तिथं घडियाल का नाहीत?” मी महानदीपर्यंतच्या मुलुखाचं सगळं सांगितलं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. “वाळू तरी आहे ना?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, आमच्या शहरात रामकुंडाजवळ नदीच्या तळालाच काँक्रीट केलंय.

मी थट्टा करतोय असं वाटून तो मोठ्यानं हसला आणि काठावरच्या दोन माद्या सरसरत पाण्यात गेल्या.